हवेआडची जमीन : प्रस्तावना

अंबरनाथच्या शिवमंदिराभोवतीचा मुलूख उपग्रहाच्या चित्रात एकदा ऑक्टोबरमध्ये पाहावा आणि मग महाशिवरात्रीच्या जत्रेच्या सुमारास पुन्हा पाहावा. दोन्ही चित्रांत वालधुनी नदी तीच, लोहमार्ग तोच, पलीकडची मलंगगड, तावली, चंदेरीची डोंगररांगही तीच. तरी दुसरे चित्र फिकट, निळसर-करडे दिसते आणि डोंगरउतारांवरची हिरवाई पुष्कळ ओसरलेली वाटते. त्या ओसरण्यात झाडांचा वाटा किती आणि हवेचा किती? पुढची सगळी प्रकरणे या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहिली आहेत.

उत्तर अवघड आहे, कारण इथे दोन्ही बदल एकाच दिशेने चालतात. या डोंगरांवरचे रान बहुतांशी पानझडीचे. साग, ऐन, पळस यांची पाने फेब्रुवारी-मार्चपर्यंत गळतात, म्हणजे हिरवाई खरोखरच कमी होते. पण त्याच महिन्यांत हवाही बदललेली असते. पावसाने धुतलेले आकाश मागे पडते. रात्री जमीन थंडावते, तिच्यालगतची हवा जड होऊन तळाशी बसते आणि गाड्यांचा, कारखान्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यात अडकून राहतो. त्यात रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ मिसळते, समुद्रावरून येणारे बाष्प आणि क्षार मिसळतात. कधी धूळ फार दूरची असते : जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत आली होती. सेंटिनेल किंवा रिसोर्ससॅटसारखे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. हिवाळ्यात त्या वेळी जमिनीलगतचा हा धुराचा थर पुष्कळदा पुरता विरलेलाही नसतो.

उपग्रहाचा सेन्सर यातले काही वेगळे करून सांगत नाही. तो आपल्यापर्यंत पोचलेला प्रकाश मोजतो आणि प्रत्येक चौकोनासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, एक आकडा नोंदवतो. त्या आकड्यात सूर्याकडून हवेतून खाली आलेला, जमिनीवरून उलटलेला आणि पुन्हा हवेतूनच वर गेलेला प्रकाश असतो. जमिनीला न शिवता हवेतूनच परस्पर सेन्सरकडे वळलेला प्रकाशही त्यातच असतो. शेजारच्या जमिनीवरून निघून वाटेत विखुरलेला आणि भलत्याच पिक्सेलच्या खात्यावर जमा झालेला प्रकाशसुद्धा असतो. या मिश्रणातून जमिनीची स्वतःची परावर्तकता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला तिने परत पाठवलेला हिस्सा, वेगळी काढण्याच्या कामाला वातावरणीय दुरुस्ती म्हणतात. वाण्याकडे तेल घेताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतात, तसेच हे काम आहे. फरक एवढाच, की इथले भांडे रोज बदलते आणि एकाच दिवशी उल्हासनगरवर एक असते, बारवी धरणावर दुसरे.

हवा प्रकाशाशी दोन तऱ्हांनी वागते : विखुरते आणि शोषते. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असतात. ते आखूड लहरी जास्त विखुरतात, आणि हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले. म्हणून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट विखुरला जातो आणि निकट अवरक्तापेक्षा बारापटीहून अधिक. धूळ, काजळी, क्षार हे कण रेणूंहून कितीतरी मोठे, त्यांचे वागणे वेगळे. त्याचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले. हे कण सर्वच रंग बऱ्यापैकी विखुरतात, म्हणून धुरकट आकाश निळे न राहता पांढुरके होते. शोषणाचे काम मुख्यतः बाष्प, ऑक्सिजन, ओझोन आणि काजळी करतात. बाष्पाचा मोठा शोषणपट्टा ०.९४ मायक्रोमीटरपाशी आहे, ऑक्सिजनचा ०.७६ पाशी. सेन्सरचे बँड, म्हणजे तो मोजतो त्या तरंगलांबींच्या मर्यादा, आखताना हे पट्टे शक्यतो टाळतात, तरी कोकणच्या दमट हवेत त्यांची झळ लागतेच.

एक प्रकाश बाजूला सारल्याशिवाय दुसरा दिसत नाही, ही जाण आपल्याकडे शंभर वर्षे जुनी आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतत होते. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे रॅले यांचे मत त्यांना पटेना. त्यांनी निकोल लोलकातून योग्य कोनाने पाहून पाण्याच्या पृष्ठभागावरून उलटणारा आकाशाचा प्रकाश वगळला. निळाई नाहीशी तर झाली नाहीच, उलट अधिक गडद दिसली. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष निघाला, आणि त्यावरचे पत्र त्यांनी सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरातून ‘नेचर’ला धाडले. याच वाटेने पुढे गेलेल्या संशोधनातून १९२८ चा रामन परिणाम हाती आला. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ हा ग्रंथ ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या वातावरणातून प्रकाश कसा वाट काढतो याचा पाया मानला जातो. आज उपग्रहचित्र दुरुस्त करणाऱ्या संगणकप्रणालींच्या पोटात प्रकाशाच्या याच प्रवासाचे समीकरण सोडवले जाते. विद्यार्थ्याने बटण दाबण्याआधी हा वारसा ठाऊक करून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

उपग्रहांची घडणही हवेच्या याच अडचणीच्या भोवती फिरत आली आहे. २३ जुलै १९७२ रोजी गेलेल्या पहिल्या लँडसॅटच्या मुख्य सेन्सरला निळा बँडच नव्हता. १७ मार्च १९८८ च्या आपल्या आयआरएस-१ए वर तो होता, पण १९९५ च्या आयआरएस-१सी वरच्या लिस-३ या सेन्सरमध्ये निळ्याला रजा मिळाली आणि लघुलहरी अवरक्त बँड आला. रिसोर्ससॅट मालिकेतला लिस-३ आजही हिरवा, तांबडा, निकट अवरक्त आणि लघुलहरी अवरक्त अशा चार बँडांवर काम करतो. पुढे विचाराने वळण घेतले. निळ्यात हवा जास्त दिसते, तर तिथेच ती मोजावी. २०१३ च्या लँडसॅट-८ वर आणि २०१५ च्या सेंटिनेल-२ वर ०.४४ मायक्रोमीटरजवळचा बँड खास हवेतल्या कणांसाठी ठेवला आहे आणि १.३७ जवळचा बँड उंचावरच्या पातळ ढगांसाठी. त्या बँडात खालचे बाष्प जमिनीचा प्रकाश जवळपास गिळून टाकते, म्हणून जे उजळ दिसेल ते बहुधा बाष्पाच्या वरचे असते.

हवेने आकड्यांचे काय होते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट अवरक्त जोरात परत पाठवते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, तावलीच्या एका दाट उताराची तांबड्यातली परावर्तकता ५ टक्के आहे आणि निकट अवरक्तातली ३५ टक्के. निर्देशांक ०.७५ येतो. आता मध्ये धुरकट हवा आली. तिने तांबड्यात आपला प्रकाश मिसळून ५ चे ८ केले, आणि निकट अवरक्तात थोडा अडवून ३५ चे ३३. निर्देशांक ०.६१ वर उतरतो. डोंगरावरचे एक पान पडलेले नाही, तरी चित्र म्हणते रान विरळ झाले. आता याच आकड्यांवरून कोणी ‘जंगल घटले’ असा नकाशा रंगवला, किंवा उलट स्वच्छ हवेच्या दिवसाचे चित्र घेऊन ‘वृक्षलागवड यशस्वी’ असे जाहीर केले, तर दोन्ही दावे हवेवर उभे असतील.

दुरुस्तीच्या पद्धती ढोबळमानाने तीन. पहिली सर्वांत सोपी. चित्रात जे अगदी काळे असायला हवे ते शोधायचे, म्हणजे खोल स्वच्छ पाणी किंवा डोंगराची गर्द सावली. त्या पिक्सेलवर जो प्रकाश दिसतो तो जवळपास सगळा हवेचा, म्हणून तेवढा सर्व चित्रातून वजा करायचा. पॅट चावेझ यांनी १९८८ मध्ये या पद्धतीला शिस्त लावली : प्रत्येक बँडात मनाला येईल तो आकडा न घेता, विखुरण्याच्या नियमाशी जुळेल असाच आकडा वजा करावा. आपल्या खोऱ्यात बारवी धरणाचे उन्हाळ्यातले पाणी यासाठी उपयोगी पडते. मर्यादाही तिथेच आहे. बारवीवरची हवा आणि उल्हासनगरच्या दाट वस्तीवरची हवा एकच आहे, असे ही पद्धत गृहीत धरते.

दुसरी पद्धत प्रकाशाच्या प्रवासाचे गणित मांडते. सूर्याचा कोन, पाहण्याचा कोन, जमिनीची उंची, बाष्प, ओझोन आणि कणांची प्रकाशीय जाडी हे सारे देऊन ‘सिक्स-एस’सारखी प्रणाली हवेचा हिस्सा काढून देते. यातली कणांची प्रकाशीय जाडी हा कळीचा आकडा. ती ०.५ असेल तर माथ्यावरून सरळ येणाऱ्या किरणांतला सुमारे ४० टक्के भाग कणांमुळेच सरळ वाट सोडतो. त्यातला बराचसा विखरून का होईना जमिनीवर पोचतो, काही परत आकाशाकडे जातो, काही काजळीत मुरतो. हा आकडा सूर्याकडे रोखलेल्या सनफोटोमीटरने जमिनीवरून मोजता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत असे उपकरण आहे आणि ते एरोनेट या जागतिक जाळ्याचा भाग आहे. जिथे मोजमाप नाही तिथे योराम कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची युक्ती कामी येते. दाट झाडी निळ्यात आणि तांबड्यात किती गडद असावी, याचा अंदाज २.१ मायक्रोमीटरच्या बँडावरून बांधता येतो, कारण तिथे बारीक कण फारसे आड येत नाहीत. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जो फरक उरतो, तो हवेचा.

तिसरी पद्धत जमिनीवर उतरते. उपग्रह जाण्याच्या वेळी मोकळे मैदान, डांबरी रस्ता, काँक्रीटचा पट्टा यांची परावर्तकता स्पेक्ट्रोरेडिओमीटरने मोजायची आणि चित्रातले आकडे त्यांच्याशी जुळवायचे. कष्ट आहेत, पण खरेपणाची कसोटी हीच. शिवमंदिराचा बेसॉल्ट मात्र यासाठी वापरू नये. दहा मीटरच्या चित्रात मंदिर मोजक्याच पिक्सेलांत मावते, आणि शिल्पांनी भरलेल्या त्या भिंतींवर सावल्यांचे इतके खेळ असतात की एकसारखा पृष्ठभाग मिळतच नाही.

आज सेंटिनेल-२ आणि लँडसॅटची दुरुस्त केलेली चित्रे तयारच मिळतात. मग हे शिकायचे कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो योग्य आहे. कारण तयार चित्रातही गृहीतके असतात. दाट झाडी पुरेशी सापडली नाही तर प्रणाली ठरावीक अंदाजावर किंवा बाहेरून घेतलेल्या आकड्यावर जाते, आणि पत्र्यांच्या शेडनी व्यापलेल्या भागात झाडी कमीच. शिवाय आकडे लिहिण्याची रीतही बदलते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नोंदींत १००० मिळवलेले असतात. ते वजा करायला विसरलो तर प्रत्येक पिक्सेलची परावर्तकता दहा टक्केबिंदूंनी फुगते. २०२१ आणि २०२२ ची चित्रे न पारखता शेजारी ठेवणाऱ्याला सारा ठाणे जिल्हा एका रात्रीत उजळलेला दिसेल. संगणक यावर कुरकुरत नाही. ओळखायचे काम माणसाचे.

पाण्याबाबत तर दक्षता दुप्पट हवी. खुल्या समुद्रावर निळ्या बँडात सेन्सरला मिळणाऱ्या प्रकाशातला ८० ते ९० टक्के हिस्सा हवेचा असतो. पाण्याचा जो उरतो त्यावरून हरितद्रव्य काढायचे, आणि त्यावर आधारलेली मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना कोकणातल्या मच्छीमारांपर्यंत पोचवायची. १९९९ च्या ओशनसॅट-१ वरच्या आपल्या ओशन कलर मॉनिटरने हवेचा हा हिस्सा मोजण्यासाठी ०.७६५ आणि ०.८६५ मायक्रोमीटरचे बँड बाळगले, कारण खोल समुद्र तिथे काळा असतो आणि दिसेल ती हवाच. पण ठाण्याच्या खाडीत किंवा उल्हासच्या मुखाशी गाळामुळे पाणी तिथेही उजळते आणि ही युक्ती फसते.

आणि वालधुनी? उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. नदीसाठी झगडणाऱ्या माणसांना उपग्रहचित्राचा आधार हवासा वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्याबद्दल आदर राखूनच सांगायला हवे, की शिवमंदिराजवळून जाणारा हा अरुंद प्रवाह दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये निखळ पाणी म्हणून क्वचितच सापडतो. काठाची झाडे, भिंती, छपरे त्यात मिसळतात आणि शेजारच्या उजळ छपरांचा विखुरलेला प्रकाशही. २०२० च्या टाळेबंदीत हवा निवळली तेव्हा देशभरातल्या नद्यांची ‘आधी आणि नंतर’ची चित्रे फिरली. त्या काळात हवा निश्चितच बदलली होती, म्हणून पाण्याविषयी काही म्हणण्याआधी हवेचा हिशेब चुकता करणे तेव्हा सर्वांत गरजेचे होते. अशा नदीसाठी बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना हाच भक्कम पुरावा. चित्र त्याला जागा आणि काळ यांचा संदर्भ देऊ शकते.

उष्णतेच्या नकाशांनाही हाच नियम लागू. लँडसॅटचा औष्णिक बँड छपरांची आणि रस्त्यांची उष्णता टिपतो, पण मधले बाष्प त्यातली काही शोषते आणि स्वतःची काही पाठवते. दमट दिवशी तापलेला पत्रा प्रत्यक्षापेक्षा थंड भासतो. जिथे माणसे त्या पत्र्याखाली राबतात, तिथे ही चूक लहान मानता येत नाही.

दुरुस्तीने काय साधत नाही, तेही स्पष्ट असावे. दाट ढगाखालची जमीन कोणतेही गणित परत आणत नाही, कारण तिथून प्रकाशच आलेला नसतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवशी दृश्य प्रकाशाचे सेन्सर आंधळे असतात. तिथे ढगांतून पार जाणारे रडार लागते, जसे सेंटिनेल-१ किंवा पूर्वीचे आपले रिसॅट-१. या पुस्तकाचा विषय पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांचा आहे, आणि ही मर्यादा आम्ही उघड मान्य करतो.

मग अभ्यासासाठी हाच मुलूख का? शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. तेव्हापासून मंदिर वालधुनीकाठी उभे आहे. त्याच्या भोवतालाची मोठी उलथापालथ मात्र गेल्या पाऊणशे वर्षांतली. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. अंबरनाथ-बदलापूरला औद्योगिक वसाहती आल्या, मग मुंबईत घर न परवडणाऱ्यांच्या इमारती. यातल्या पन्नासहून अधिक वर्षांची नोंद लँडसॅटच्या संग्रहात आहे आणि २००८ पासून तो सर्वांना मोफत खुला आहे. पण १९७३ चा सेन्सर, १९८८ चा आणि आजचा वेगळा. सूर्याचा कोन वेगळा आणि हवा तर रोजच वेगळी. हे सारे जमिनीच्या परावर्तकतेच्या एकाच मापावर आणले तरच चिखलोलीच्या तळ्याविषयी, तावलीच्या रानाविषयी, बदलापूरच्या भातखाचरांविषयी काळाच्या ओघात काही खरे बोलता येईल.

पवईच्या आयआयटीत आणि नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात या विषयाचे काम गेली अनेक दशके चालू आहे. तरी हे ज्ञान मराठीत, महाविद्यालयातल्या मुलाला, नगरपालिकेतल्या अभियंत्याला, नदीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हाताशी मिळायला हवे. आता विकास आराखडे, वनहक्काचे दावे, पीकविमा यांत उपग्रहचित्र पुरावा म्हणून पुढे येते. ज्याच्या जमिनीविषयी ते बोलते, त्याला त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

आणखी एक. आपण जी हवा वजा करतो ती टाकाऊ नाही. दुरुस्ती करताना मिळालेला कणांचा आकडा म्हणजे त्या सकाळी या खोऱ्यावर किती धूर-धूळ होती याची नोंद, आणि त्याच हवेत इथली लाखो माणसे श्वास घेतात. तो उभ्या थराचा आकडा आहे, नाकापाशी मोजलेला नव्हे. तरीही तो तारखेसह जपून ठेवावा. वर्षानुवर्षे जमलेले असे आकडे जमिनीच्या नकाशाइतकेच मोलाचे ठरतील.

म्हणून वाचकाकडे मागणे एवढेच. यापुढे कोणी उपग्रहचित्र दाखवून काही सिद्ध करू लागले, तर चार गोष्टी विचाराव्यात : चित्र कोणत्या तारखेचे, त्या दिवशी हवा कशी होती, ती कोणत्या पद्धतीने वजा केली, आणि जमिनीवर जाऊन कोणी पडताळले का? ज्याच्याकडे चारही उत्तरे आहेत त्याचे म्हणणे गंभीरपणे ऐकावे, मग ते आपल्या बाजूचे असो वा विरुद्ध. उत्तरे नसतील, तर त्या चित्रावर निर्णय होऊ देऊ नये. हे प्रश्न विचारण्याचे आणि त्यांची उत्तरे तपासण्याचे बळ वाचकाला मिळावे, यासाठी पुढची प्रकरणे आहेत.